टोपी, व्यास चौदा

सातपूर, गाळा नंबर एकशे बेचाळीस.
मी हिशेब लिहायला लागले तेव्हा
शेडमधली बोली सुतांची होती:
"दोन सूत घे अजून", "अर्धं सूत जास्त गेलं."
आणि दगू कोठुळे, आठवी नापास,
खरोखरच सुतावरून स्वर्ग गाठायचे.

ओझरला कुणाच्या तरी कारखान्यात
एक झेक ग्राइंडर त्यांनी दोनदा पाहिला, दुरून.
नकाशा काढला कॅलेंडरच्या पाठीवर,
एकादशीमागे स्पिंडल,
संकष्टीमागे तेलाची टाकी.
बीड कोल्हापूरहून ओतून आणलं.
निळा रंग लावून, स्क्रेपरनं खरवडत
अकरा दिवस भांडले एका सपाटीशी,
पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईसारखे, उकिडवे.

आमचा ग्राइंडर तेल गळायचा.
खोटं कशाला सांगू, फार गळायचा.
खाली भगुणं ठेवावं लागे.
तरी वर्षाला नऊ खपायचे,
कारण बाहेरच्या मशिनवर दिल्लीनं बसवलेल्या कराच्या
आडोशाला आमचं गळणं
दिसत नव्हतं कुणाला.
आम्हालाही.

मग दर बजेटनंतर
मी वहीतले जुने टक्के खोडायचे, नवे लिहायचे,
दर वेळी लहान.
आणि एका वर्षी तैवानचं मशिन
नाशकात उतरवून
आमच्या नुसत्या बीडाच्या भावात पडलं.
ते गळत नव्हतं.
पाळदेसाहेबांनी आमच्यासाठीच एक घेतलं.
दगूंनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या,
"झकास आहे" म्हणाले,
आणि चहाला गेले.

आता आम्ही टोपी करतो.
एकच टोपी. कुणाला घालतो, ठाऊक नाही.
व्यास चौदा, फरक चालतो चार मायक्रॉन,
महिन्याला दोन लाख नग, परत आलेले शून्य.
पगार सात तारखेला.
पूर्वी कधी वीसला व्हायचा, कधी "बघू".
माझ्या मुलीचं इंजिनिअरिंग या टोपीवर झालं,
तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही.
फक्त ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात
"उपयोग" असा रकाना आहे,
त्यात एक आडवी रेघ.

मागच्या श्रावणात हाइलब्रॉनहून
खरेदीखात्याचा उंच माणूस आला.
चिवडा खाल्ला, ठसका लागला, तरी पुन्हा घेतला.
मी विचारलं, ही बसते कुठे?
त्यानं ड्रॉइंग उलटं धरलं, सुलटं धरलं,
कानाच्या पाळ्या लाल.
म्हणाला, मॅडम,
मी वीस मिलिमीटरपर्यंतच्या टोप्या विकत घेतो.
पुढचं वरच्या मजल्यावर
कुणाला तरी माहीत असेल.

दगू आता म्हसरूळला असतात, रिटायर.
जाऊन सांगितलं तर हसले,
खोकला येईपर्यंत हसले.
मग पर्समधली टोपी मी काढून दिली.
चष्मा नाही शोधला त्यांनी.
अंगठ्याचं नख आतून एकदा फिरवलं,
एका खाचेशी थांबले.
"इथून तेल जात असणार," म्हणाले.
"जिथं बसते ना,
तिथं गळत नसणार काही."

टोपी त्यांनी परत दिली नाही.
मीही मागितली नाही.
सोमवारी वहीत लिहिलं:
नग एक, कमी.
कारणाच्या रकान्यात
रेघ मारायला हात गेला,
आणि तसाच राहिला.