फुटाला एक सूत

श्रेणिकअण्णांनी सॉफ्टवेअर घेतलं एका वर्षाचं,
पासवर्ड माझ्या आवक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला
आणि म्हणाले, "नवीन काय करायचं नाही.
आत सगळं तयार मिळतंय. उचलायचं नुसतं."

खरंच तयार होतं.
लग्नाचं नियोजन, घर बदलणं, नवा माणूस कामावर घेणं,
प्रत्येकाचा साचा, प्रत्येकाला एक गोडसा रंग.
ओतकामाचा नव्हता.
"उत्पादन, साधे" म्हणून एक होता, तो उचलला.
तीन रकाने उघडले:
करायचे. चालू. झाले.

आणि आत आधीच माणसं होती,
नमुन्यादाखल.
डेव्हिड. एमा. एमाच्या नावावर सहा कामं,
सगळी गुरुवारच्या आत.
डेव्हिडला खोडून यल्लाप्पा हलगेकर घातला,
कोअरच्या खोलीला मेहबूबी मुल्ला,
भट्टीवर बाळू पाखरे.
एक एमा नजरेतून सुटली.

दुपारी डबे घेऊन सगळे पडद्याभोवती जमले.
"एम्मे?" यल्लाप्पानं वाचलं,
"म्हैस लावून घेतलीया व्हय अण्णांनी कामाला?"
कानडीतली म्हैस मराठीत सांगावी लागत नाही इथं.
मेहबूबीला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.
तेव्हापासून जे काम कुणाचंच नाही ते एमाचं.
मोरीचा नळ: एमा.
हुबळीच्या पार्टीचं बिल परत आलं: एमा बघंल.

पंधरा दिवस कार्डं डावीकडून उजवीकडे गेली,
शाळेला निघालेल्या पोरांगत, रांगेनं.
मग पंपाच्या चाळीस बॉड्या ओतल्या
आणि बावीसांत भोकं निघाली.
आमच्यात बाद माल रडत नाही.
घणानं फोडायचा, भट्टीत टाकायचा,
उद्या तो परत लोखंड.
पण साच्यात तशी वाट नव्हती.
"झाले"मधून कार्ड मागं ओढलं
की पडदा लाल होऊन विचारायचा,
नक्की?
बावीस वेळा म्हटलं, नक्की.

बडिगेरमामा मागं येऊन उभे होते,
सागाचा भुसा भुवयांवर.
चव्वेचाळीस वर्षं लाकडाचे साचे करतात,
बंद पडलेल्या कंपन्यांचेसुद्धा फळीवर पुसून ठेवतात.
म्हणाले, "अक्का, ह्याला सूत किती सोडलंय?"

मला कळलं नाही.
मग बोटानं टेबलावरच्या धुळीत रेघ मारली.
"साचा वस्तूएवढा करायचा नसतोय.
लोखंड निवताना आखडतंय, फुटाला एक सूत.
तेवढा मोठा करायचा, तवा वस्तू बरोबर येती.
आन् कडंला जरा उतार.
न्हाईतर रेतीतनं काढताना
भिंत घेऊनच वर येतोय."
मी म्हटलं, मग हा चुकलाय.
"चुकला न्हाई. त्यानं त्याच्या लोखंडाला केलाय."

त्या संध्याकाळी दोन रकाने वाढवले.
परत भट्टीत.
लाईट नाही.
तिसऱ्याला नाव सुचेना, तो तसाच ठेवला,
अरुंद, कोरा,
आणि एमाला उचलून त्यात नेऊन बसवलं.

महिनाअखेरीला सॉफ्टवेअरनं अहवाल काढला आपणहून.
अण्णा चष्मा कपाळावर चढवून वाचत होते.
"सगळ्यात जास्त कामं बाकी, एमा.
ही कोण गं? पगारपत्रकात दिसत नाही."

मी तोंड उघडायच्या आत
पलीकडं रंधा थांबला.
मामांनी मान वर केली नाही.
"असू दे अण्णा," म्हणाले,
"फुटाला एक."