पाचवा ढीग

तेओदोसिया आयाविरीला ऐकू येत नाही.
सातव्या वर्षी ताप आला, जाताना कान घेऊन गेला.
कोल्चानीतल्या मोटरसायकली मात्र तीच दुरुस्त करते:
टाकीवर तळवा ठेवते, डोळे मिटते,
आणि व्हॉल्व्हचं दुखणं बोटांनी सांगते.

मी तिच्याकडे गेलो तो हरून.
रेनानची एकशेपंचवीस, माझीही एकशेपंचवीस,
एकाच कंटेनरमधून आलेल्या, सख्ख्या बहिणी,
तरी मिठाच्या सपाटीवर
दोन जुन्या टायरांमधल्या चारशे मीटरांत
तो दर खेपेला एका लामाच्या लांबीनं पुढे.

आरपीएमचा काटा माझा चारवर अडकलेला, तीन वर्षं.
म्हणून मी कानानं चालवायचो.
दुसरा गिअर असा पिळायचो
की सायलेन्सर शंख करायचा,
आरशातलं आभाळ थरथरून दुधासारखं व्हायचं,
आणि वाटायचं, हाच वेग.
एवढी बोंब आहे म्हणजे काहीतरी होतच असणार.

ती मागे बसली.
एक हात सीटखाली, दुसरा माझ्या पाठीच्या कण्यावर.
मी पिळला. अजून पिळला.
चापट. उशीर.
पुन्हा पिळला. पुन्हा चापट.
मग घाबरून तिसरा लवकरच टाकला:
गाडी खाकरली, मान टाकली,
आणि चापट मिळाली दोनदा.

उतरली. उकिडवी बसली.
ओंजळीनं मीठ ओढून ढीग घातले एका रांगेत.
पहिला उंच, किडकिडीत.
दुसरा जरा बुटका, पण ऐसपैस.
तिसरा त्याहून पसरट, चौथा त्याहून,
प्रत्येकाचे पाय पुढच्याच्या मांडीवर.

पहिल्यावरून तिनं बोट चढवलं,
शिखरावर थांबवलं नाही,
पलीकडे थोडं घसरू दिलं,
आणि जिथे हा उतार दुसऱ्याच्या अंगाशी समान झाला
तिथून टुणकन उडी.
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, तसंच.
शिखर ओलांडून. पण तळ यायच्या आत.

मग पुन्हा पहिला.
या खेपेला बोट घासत नेलं पार जमिनीपर्यंत,
आणि आ वासून, गळ्याच्या शिरा ताणून
तिनं माझी नक्कल केली:
बोंब,
आवाजाशिवाय.

पाचवा ढीग तिनं तळहातानं थापला,
चौथ्यापेक्षा सगळीकडे खाली.
चिमटीत स्वतःचं नाक धरलं.
समजलं. इथल्या विरळ हवेत
इंजिनाला तीन घासांतले दोनच मिळतात,
पाचवा ओढायला ताकद उरत नाही.
तो तुपिसाकडे उतरताना. इथे उतार कुठला?
पाचव्या ढिगाची तिनं पुडी बांधली
आणि संध्याकाळी बटाट्याच्या रश्शात घातली.

आठवडाभर मी कानात कापूस कोंबून फिरलो.
पहिले दोन दिवस काहीच कळलं नाही.
लोक मागून हाका मारायचे, मी आपला पुढे,
आजीबाई झेनोबिया अजून माझ्यावर रुसून आहेत.
मग कमरेला कळायला लागलं:
कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय,
ढकलतंय जीव लावून,
आणि मध्येच त्याचं मन दुसरीकडे जातं.
हात पाठीवरच असतो. नुसता असतो.
तेव्हा.
हात निघून गेल्यावर नव्हे,
जोरात असतानाही नव्हे.
क्लच दोन बोटांनी, घोटा वर,
आणि दुसरा कुणीतरी ताज्या हातानं ढकलायला लागतो.

रविवारी दोन्ही टायर मांडले.
बाजूला रेनानची गाडी ओरडत होती
एवढं फक्त मांडीला जाणवलं.
दुसरा, तिसरा, चौथा.
पांढऱ्यावर पांढरं मागे पळत गेलं.

जिंकला तोच.
पण लामाची आता फक्त मान उरली होती.

इंजिन बंद करून तो जवळ आला,
त्याच्या ओठांवरून वाचलं मी:
तुझी गाडी ऐन वेळी गप्प कशी होते रे?
लांब एका पाटीवर बसून
तेओदोसिया नखातलं मीठ काढत होती.

कापूस तसा मी केव्हाच काढला होता.
तरी ऐकू न आल्यासारखं केलं.