दुकान विकल्यानंतरचे नऊ दिवस

किल्ली नव्या मालकाच्या हातावर ठेवली
आणि कांब्रेहून दुपारची गाडी धरली.
सुट्टी कशी घालवतात ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.
अडतीस वर्षं ओक्ताव रात्री दोनला उठायचा,
मी सहाला गल्ल्यावर.
आमचा निम्मा संसार काउंटरवरच झाला,
सुटे पैसे मोजता मोजता.

दिजाँला पहिलं जेवण.
पांढरा टेबलक्लॉथ, वाइनमध्ये शिजवलेलं बीफ,
वेटर आमच्या धाकट्याहून लहान.
ओक्तावनं मेनूकार्ड उघडलंच नाही.
टोपलीतला पाव उचलला, कानाशी नेला,
वैद्य नाडी बघतो तसा दाबला,
म्हणाला, "घाई केलीय. पीठ नीट आंबू दिलं नाही."
मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.
मग त्यानं तो सगळा खाल्ला. रश्शात बुडवून.
माझाही.

तिथल्या चर्चच्या भिंतीत एक दगडी घुबड आहे.
लोकांनी हात फिरवून फिरवून
त्याला डोळे-चोच काही ठेवलेलं नाही.
डाव्या हातानं शिवायचं, मनातलं मागायचं.
त्यानं हात ठेवला, मनगटापर्यंत भाजल्याचे डाग असलेला,
आणि बराच वेळ काढला नाही.
मागची मंडळी चुळबुळायला लागली.
"काय मागितलंस एवढं?"
"झोप."

लिओंमध्ये तिसऱ्या रात्री मला जाग आली.
शेजारची गादी गार.
सवयीनं मी कूस बदलली.
मग आठवलं,
आता दुकान नाही.

गाउनवर कोट चढवला, चपला तशाच.
दिवसा गाइडनं दाखवलेले
इमारतींच्या पोटातले ते बोळ
रात्री एकाला दुसरा ओळखू येत नव्हता.
शेवटी वासानं नेलं.
रस्त्याला लागून एक ठेंगणी खिडकी, आत तळघर, पिवळा दिवा,
एक पोरसवदा बेकर (यासिन, हे नंतर कळलं)
आणि बाह्या सरसावलेला माझा नवरा.

बोलत होता!
जेवणाच्या टेबलावर ज्याच्याकडून
मीठ दे एवढंच ऐकलं मी इतकी वर्षं,
तो हातवारे करून काही सांगत होता,
आणि पोरगा हसता हसता पिठात शिंकला.
ओक्तावचे हात तेवढ्यात गोळे करत होते,
त्याच्याकडे न बघता,
एकसारखे, भराभर, जणू त्याचे नव्हतेच.

लिओंला बघण्यासारखं काय काय,
याची माझ्या पर्समध्ये यादी होती.
हे तिच्यात नव्हतं.
अडतीस वर्षं हे रोज माझ्या पायाखाली चाललं होतं,
आणि मी वर झोपलेले.
काच ठोठावली नाही.
थंडीनं पाय बधिर होईस्तोवर उभी राहिले.

उजाडताना सोनच्या काठावर
तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव घेऊन आला.
सुरी नव्हती. लोणी बोटानं लावलं.
"कुठं होतास?" मी विचारलं.
"फिरत होतो," म्हणाला.
भुवईला पीठ तसंच.

आर्लला मात्र झोपला.
घुबडानं ऐकलं असावं, किंवा उन्हानं.
नऊ वाजले, साडेनऊ.
रोमन लोकांचं ते मोठं गोल मैदान दहा मिनिटांवर,
तिकिटं काढलेली.
तोंड उघडं टाकून घोरतोय.

आणि मी दोनपासून टक्क जागी.
दोननंतर सगळा पलंग माझा असायचा.
एवढ्या मोठ्या माणसाच्या शेजारी
पहाटे झोपायचं कसं,
हे या वयात कुणाला विचारू?

नाश्ता बंद व्हायच्या आत खाली गेले,
त्याच्यासाठी कागदी रुमालात पाव आणला.
दाराशी थांबून, कुणी नाही बघून,
कानाशी नेला. दाबला.
यांनीही घाई केलीय.
उठला की सांगणार नाही.
त्याला कळेलच.