दुरुस्तीची वही

समुद्र कधी न पाहिलेला मी खलाशी,
पाचोऱ्याच्या शेडमधला.
रेल्वेत खलाशी म्हणजे चिंध्यांचा बोळा,
ग्रीसचा डबा,
आणि ‘ए, बावीसचा पाना दे.’

आमच्याकडे छोट्या लाइनीचं एक डिझेल होतं,
कुठल्याशा डोंगरात झिजून आलेलं.
तिकडच्या शेडचं नाव
नव्या रंगाखालून अजून वाचता येई.
इथं त्याला एकच काम :
सकाळी जामनेर, दुपारी परत.
वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा,
आणि मधे कुणी हात केला
तर तिथंही.

ड्रायव्हरचं आडनाव झोपे.
लोक हसत. तो हसत नसे.
उतरला की बूट न काढता वहीत लिही.
डावीकडे तक्रार;
उजवा रकाना रुबाब तडवी मिस्त्रीचा.

‘वाळू पडत नाही. दवानं चाक जागच्या जागी फिरतं.’
पाहिले. पेटीत मुंग्या. काढल्या.

‘धूर फार काळा.’
पाहिले. एअर फिल्टरमधून कापूस निघाला, पावशेर.
सीझन आहे, रोज निघेल.

‘हॉर्न घोगरा.’
पाहिले. गांधीलमाशीचं घर. मला एक चावली.

‘पहूरच्या चढाला बोलतं.’
पाहिले. इंजेक्टर तीन नंबर. आता बोलणार नाही.

आणि दुसऱ्या दिवशी, त्याच शाईत :
‘बोलत नाही. करमत नाही.’
या ओळीपुढे मिस्त्रीनं
नुसती सही केली.

वैशाखात बॉनेटला हात लागला
तर कातडी तिथंच राही.
झोपे त्याच्यावर कळण्याची भाकरी ठेवी,
शेंदुर्णी येईपर्यंत कडक होई.
मला अर्धी.
बाकी बोलणं नाही.

मग ही नोंद, मे महिन्यातली :
‘भागदऱ्याला रेडिएटर कोरडा. स्टेशनचा नळ कोरडा.
नथाबाईंनी हंडा वर दिला. ओतेस्तोवर वेळ झाली.
हंडा गाडीतच आला. परत करणे.’

उजवा रकाना रिकामा.
मिस्त्री म्हणाला, यात मी काय पाहू?
हंडा शेडमध्ये राहिला, कोपऱ्यात.
आठवड्यानं कुणीतरी त्यात नट भिजत घातले.
कुणीतरी कशाला, मीच.

त्यानंतर पानं बरीच आहेत. ब्रेक, पट्टे, बॅटरी.
झोपेचं अक्षर हळूहळू मोठं होत गेलं,
चष्म्याचा नंबर वाढावा तसं.
मग एक दिवस गाडी सुटली नाही.
त्याचं कारण वहीत नाही.

इंजिन न्यायला ट्रेलर आला.
रुबाब मिस्त्रीनं त्याचं तेल थेंबन् थेंब काढलं,
मेल्या बैलाची वेसण काढावी
तसं, तोंड दुसरीकडे करून.
वही रद्दीत होती. मी उचलली.
हंडाही.

चिंचेनं घासला, राखेनं घासला,
तांबं लखलखलं, वास जाईना.
एसटीनं भागदऱ्याला गेलो.
नथाबाई आता पाठीत वाकलेल्या.
मी वही उघडून नोंद वाचली,
कोर्टात वाचतात तशी.

‘त्याले तहान लागली व्हती, मंग पाजलं.
त्याचं काय लिवून ठेवाचं, बाबा?’

हंड्यात डोकावून त्यांनी नाक मुरडलं,
पाणी ओतून शेळीपुढं ठेवला.
शेळीनं हुंगलं, मान फिरवली.
बाई हसल्या, मला चहा टाकला.

चहा उकळत असताना पाठमोऱ्याच म्हणाल्या,
‘आन् ते कुठी हाये आता?’

रकाना अजून रिकामाच होता.
माझ्या खिशात पेन होतं.