अर्धा लिटर

डायलिसिसहून परतताना, एस.टी.त,
तू विचारलंस, पुढच्या खेपेला कोण होशील गो?
बाजारातून काय आणू विचारावं, तसं.

मी म्हटलं, गप बस, डोळे मीट.
तू मिटले नाहीस.
स्वतःच बोटं मोडत बसलास:
बगळा नको, एका पायावर कोण उपास काढील.
बांगडा तर नकोच, जन्मभर त्याचे भाव केले,
तो ओळखेल मला.
कासव?
आई अंडी पुरून पाठ फिरवते,
तुझ्या जिवाला लागेल ते.

दिवसाला अर्धा लिटर पाणी लिहून दिलेला माणूस तू.
आमटी त्यातच धरायची,
गोळीवरचा घोटसुद्धा.

भाट्याच्या पुलाखाली ओहोटी होती.
खिडकीला कपाळ टेकून म्हणालास,
निवटा.
गालात पाणी भरून चिखलात हिंडतो बघ.
कोणी मोजत नाही.

चैत्रात गेलास.

कालवं काढायला मी अजून उतरते खाडीत,
गुडघाभर चिखल, कमरेला पिशवी.
निवटे डोक्यावरचे डोळे वटारून बघतात
आणि टुणकन बिळात.
पूर्वी हातोहात धरायचे मी,
पन्नासला वाटा.

आता बिळात हात घालते,
कोपरापर्यंत गार लागतं,
तसाच रिकामा बाहेर काढते.

बांधावरून जानकी तोडणकर ओरडते,
गो, निवटे गावले काय?

आज नाहीत, सांगते.

सगळे माझ्या पायाशी बसलेत,
गाल फुगवून.