मनुकांचं पाणी

गुरुवारी जांभळी नाक्यावरून
पाव किलो काळ्या मनुका, बियांच्या.
बिनबियांच्या नकोत, हनोखभाऊ म्हणतात,
बी नसली तर चव टेकणार कुठे?

चरईत, दुसऱ्या मजल्यावर,
चिनी मातीच्या वाडग्यात त्या रात्रभर फुगतात.
सकाळी कामावर निघण्याआधी मी वर जाते,
चुरते, मलमलीतून गाळते.
नऊ वर्षं झाली.
आधी ते स्वतःच करायचे. मग हात थरथरू लागले
आणि एका शुक्रवारी सगळं पाणी फरशीवर,
थोडं कॅलेंडरच्या सप्टेंबरवर.
जिन्यावरून हाक आली,
भोईरांच्या पोरी, रिकामी आहेस का?
रिकामी नव्हते. गेले.

दिवेलागणीला त्या पाण्यावर ते किद्दूश म्हणतात,
चांदीच्या पेल्यात, बुडाशी रेवदंड्याच्या सोनाराचा शिक्का.
वाइन नव्हे, सरबत.
कोकणात आम्ही तेल गाळत होतो गं,
शनिवारी घाणा बंद.
द्राक्षं कुठून आणणार?
फुटल्या गलबतातून काय पिंप काखेत मारून
पोहत आलो होतो?

यंदा मार्चात पुतण्या आला, एल्कान.
तिकडे वाळवंटाच्या कडेला
एका वायनरीत लोकांना फिरवतो.
दिवसाला चार बसगाड्या. टोप्या, कॅमेरे.
मळा दाखवायचा, तळघर दाखवायचं,
मग एक घोट: तोंडात घोळवायचा
आणि स्टीलच्या बादलीत थुंकायचा.
थुंकायचा?
हनोखभाऊंनी दोनदा विचारलं.

मग नियम सांगितले.
वेलीचं पहिल्या तीन वर्षांचं फळ खायचं नाही.
सातव्या वर्षी जमिनीला रजा.
आणि द्राक्ष फुटलं की थेट बूच बसेपर्यंत
शब्बाथ पाळणाऱ्याचाच हात लागला पाहिजे.
मीसुद्धा नळी उचलत नाही, काका,
मी शनिवारी गाडी चालवतो.
मी फक्त बोलतो.

हे चाललं होतं तो शुक्रवारच होता
आणि माझे दोन्ही हात मनगटापर्यंत वाडग्यात.

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.
काढू की राहू देऊ, मला कळेना.
बोटांच्या फटींतून साली वर येत होत्या.

उकळली तर चालते, एल्कान हळूच म्हणाला,
उकळलेल्या वाइनला कुणीही हात लावावा.
भरल्या रिक्षात सरकून
जागा करून द्यावी तसं.

हनोखभाऊंनी एक मनुका उचलली, तिसऱ्या प्रयत्नात,
खिडकीच्या उजेडात धरली.
ही तासगावची. पंधरा दिवस उन्हात पडून होती.
सूर्यानं शिजवली ती
कमी शिजली का रे?
काका, तसं नसतं.
तसं नसतं, त्यांनी मान्य केलं.
मग माझ्याकडे बघून,
थांबलीस का? चुर.

संध्याकाळी टेबलावर दोन्ही होतं:
लेबलवर उंट असलेली त्याची बाटली
आणि ताटलीनं झाकलेला माझा तांब्या.
पेल्यात काय ओतलं ते मी पाहिलं नाही.
दार ओढून खाली आले,
आमच्याकडे बोंबील फोडणीला पडायचे होते.
जिन्यात त्यांचा सूर ऐकू आला,
मधे अडखळला, पुन्हा लागला.

शनिवारी सरल्यावर बाटली खाली पाठवली,
तीन बोटं वाइन उरलेली.
चिठ्ठी: तुरट आहे. लाकूड लागतं.
बाबांनी ती औषधासारखी घेतली,
थुंकली नाही.

परवा रात्री एल्कानचा फोन.
तिकडे साडेआठ, मागे भांड्यांचा आवाज.
कोमट पाणी की गार?
गार, मी म्हटलं. रात्रभर.
आणि बिया असलेल्या घे.
इथे मिळत नाहीत त्या, तो म्हणाला,
मग बराच वेळ
काही बोललाच नाही.