पावती

देवळाच्या कपाटाची किल्ली सतरा वर्षं माझ्याकडे आहे.
दिवसभर सांगलीत हळदीच्या पेढीवर वजनं लिहायची,
संध्याकाळी मिरजेत परतून अर्पणाची नाणी मोजायची.
माझी बोटं पिवळी, रविवारीसुद्धा.
पाळक एकदा म्हणाले,
तुम्ही मोजलेल्या नोटांना लग्नघराचा वास येतो.

दीनाबाई चोपडे, निवृत्त आया.
माझ्या वहीत तिचं एक पान होतं,
वर तिच्याच सांगण्यावरून लिहिलेलं: मातीचे पैसे.
महिन्याला दोनशे, कधी चुरगळलेले तीनशे.
सागवानी पेटी. नवऱ्याच्या शेजारची जागा.
दगडावर नाव आणि नावाखाली एक ओळ.
कोणती, ते तिनं ठरवलं होतं,
मला सांगत नव्हती.

एका ऑगस्टात आली, छत्री दाराबाहेर ठेवून.
"भाऊ, काढा सगळे."

सिद्राम तिचा कोणी नव्हता.
कुष्ठधामातला जुना रोगी, पायांना बोटं नाहीत,
तिच्या ड्यूटीत दोनदा तिच्या तोंडावर औषध थुंकलेला.
आता पाठ उघडी पडलेली, आणि म्हणत होता,
मला माझाच वास सोसवत नाही.
तिनं त्याला रिक्षात घालून घरी आणलं,
एकच खोली, एकच खाट.
स्वतः खाली, दाराच्या फटीशी.

हवेची गादी घेतली. ते मी समजू शकलो.
पण चंदनाचं तेल, खरं,
दर्ग्याच्या गल्लीतल्या अत्तरवाल्याकडचं,
बाटली केवढी, तर माझ्या अंगठ्याएवढी!
किंमत ऐकून मी चष्मा काढला.
खोबरेल चालेल की, म्हणालो, कापूर घाला थोडा.
वहीच्या मागच्या पानावर तिला मांडून दाखवलं:
रविवारच्या शाळेच्या दोन खिडक्या,
तीन पोरांची वर्षाची फी,
वर उरतात सहाशे.

ती माझ्या आकड्यांकडे बघत राहिली,
कोणी आपल्या लेकराचं चित्र बघावं तसं.
"हिशेब तुमचा बरोबर हाय, भाऊ.
पर त्यो रातभर जागा असतोय."

दुसऱ्या खेपेला सही करायला आली
ती तशीच, तेलाच्या हातानं.
घाईत होती. त्याला कूस बदलायची वेळ झाली होती.

सव्वीस दिवस.
शेजारी सतारी घडवणारे नबीलालभाई म्हणाले,
भिंतीतून वास यायचा,
आणि बाईचं हळू बोलणं,
म्हणजे प्रार्थना की नुसत्या गप्पा, कळत नसे.
शेवटी शेवटी तो हसायचाही म्हणे.
बोटं नसलेले पाय तिच्या मांडीवर.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.
खात्यात शिल्लक: शून्य.
नबीलालभाईंनी तुणाच्या फळ्या दिल्या, सतारीसाठी मुरवलेल्या.
पेटी खाली सोडताना कडेला आपटली
आणि घुमली, अगदी थोडी.
सगळ्यांनी ऐकलं, कोणी बोललं नाही.
दगड अजून नाही. ती ओळ कोणती होती, कोण जाणे.

दुःखसहनाच्या सप्ताहात तो पाठ मीच वाचतो,
कुपी फोडणाऱ्या बाईचा. माझा आवाज बरा आहे.
त्यात एकाला किमतीची फार काळजी पडते,
पिशवी त्याच्याकडे असते.
तिथं आलो की हल्ली मी पाणी पितो.

यंदा ऑडिटर आले. हे पान बदला, म्हणाले,
डाग पडलाय, सही वाचता येत नाही.
मी वही उजेडात धरली.
अंगठा आणि दोन बोटं, तेलाची,
खालच्या पानात उतरलेली,
त्याच्या खालच्याही:
खिडकीच्या काचा, पोरांची फी, मेणबत्त्या, वीजबिल,
सगळ्या खर्चांतून आरपार.

पिवळ्या बोटांनी मी वही मिटली.
राहू द्या, म्हणालो.
पावती आहे ती.
कोणी कोणाला दिलेली, तेवढं मात्र
मला अजून लिहिता आलेलं नाही.